नागपूरहून समुद्राच्या पोटात: स्कूबा डायव्हिंग, अनुभव धागा

नागपूरहून गाडीने किंवा रेल्वेने कुठल्याही दिशेला निघा, समुद्र गाठायला एक रात्र तरी जातेच. मालवणच्या माणसाचे आज कान मोकळे झाले नाहीत तर तो उद्या पुन्हा जाईल. आपण सुट्टी टाकून, तिकिटं काढून गेलेलो असतो, हातात दोन-तीन सकाळी असतात. म्हणून हा धागा. मालवण-तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी बेट, लक्षद्वीप, अंदमान, जिथे कुठे तुम्ही पाण्याखाली गेला असाल, तिथलं उपयोगाचं लिहा. प्रवासवर्णन नको. काय करायचं, किती, कधी, आणि बिघडलं तर कशामुळे, एवढंच हवं.

धरमपेठहून

सुरुवात कानापासून करतो, कारण पहिली बुडी बहुतेकांची इथेच अडते. पृष्ठभागावर दाब १ बार, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. म्हणजे दाब दुप्पट व्हायला पहिले १० मीटर पुरतात, पुढच्या १० मीटरमध्ये तो फक्त दीडपट होतो. कानाला सगळ्यात जास्त त्रास उथळ पाण्यातच होतो, हे नव्या माणसाला खरं वाटत नाही.

कान मोकळे करायचे, म्हणजे मधल्या कानातला दाब बाहेरच्या पाण्याएवढा करायचा, तर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. डोकं पाण्याखाली जाण्याआधी एकदा, मग उतरताना दर अर्ध्या-पाऊण मीटरला. दुखायला लागल्यावर फुंकण्यात अर्थ नाही. घशातून मधल्या कानाकडे जाणारी नळी तोवर दाबाने मिटलेली असते आणि जोर केला तर आतल्या कानाला इजा होऊ शकते. अशा वेळी एक मीटर वर या, मोकळं करा, मग उतरा. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरलं तर सोपं जातं. एकच कान अडत असेल तर मान दुसऱ्या बाजूला कलवून अडलेला कान वर करायचा.

हा सराव नागपुरात घरी बसून होतो. नाक धरून आवंढा गिळायचा, दिवसातून आठ-दहा वेळा, दोन आठवडे. तरण तलावाच्या खोल बाजूला ३ मीटर पाणी मिळालं तर फारच छान.

रामदासपेठहून, डॉक्टर

धरमपेठच्या दादांना जोड देते. रात्रभर एसी डब्यात प्रवास करून नाक चोंदलं असेल तर त्या सकाळी बुडी नको. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरणारे बरेच असतात. तिचा असर पाण्याखाली असताना ओसरला तर वर येताना हवा कानात आणि सायनसमध्ये कोंडते. उतरताना अडलं तर वर येता येतं, वर येताना अडलं तर सिलिंडरमध्ये हवा असेपर्यंतच थांबता येतं.

डायव्हिंग केंद्राचा आरोग्याचा फॉर्म नागपुरात असतानाच मागवून भरा. दमा, फिट्स, हृदयाचा त्रास, कानाची किंवा छातीची शस्त्रक्रिया, मधुमेहाची औषधं यांपैकी काहीही असेल तर इथेच तपासून डॉक्टरची सही घ्या. किनाऱ्यावर ऐनवेळी 'नाही' लिहून मोकळं होऊ नका. गरोदरपणात बुडी नाहीच. आणि आपल्या विदर्भासाठी मुद्दाम सांगते: सिकलसेलचा आजार डायव्हिंगच्या वैद्यकीय निकषांत जोखमीच्या आजारांमध्ये धरला जातो. घरात कुणाला असेल आणि स्वतःची तपासणी झाली नसेल, तर आधी ती करून घ्या.

सक्करदऱ्याहून

बुडायला कमरेला शिशाचं वजन बांधतात. तरण तलावात जमलेलं वजन समुद्रात चालत नाही, आणि आपण सराव गोड्या पाण्यातच करतो. समुद्राचं पाणी सुमारे अडीच टक्के जड असतं. साहित्यासकट ९५ किलो भरणाऱ्या माणसाला तिथे साधारण २.४ किलो शिसं जास्त लागतं. तलावात नुसत्या टी-शर्टवर सराव केला आणि समुद्रात ३ मिलिमीटरचा वेटसूट घातला तर आणखी वाढतं.

तपासायची रीत: बीसीडी, म्हणजे तरंगणं सांभाळायला हवा भरायचं जाकीट, पूर्ण रिकामं करा, नेहमीसारखा श्वास घेऊन सरळ उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं आणि श्वास सोडला की हळूच खाली जावं. हे भरलेल्या सिलिंडरवर जमलं तर वर २ किलो घाला, कारण ११ लिटरच्या सिलिंडरमधली हवाच अडीच किलोच्या आसपास असते आणि बुडीत तिच्यातली बरीच संपते. ते २ किलो घातले नाहीत तर शेवटी वर येताना सुरक्षेसाठी ५ मीटरवर तीन मिनिटं थांबायच्या वेळी माणूस वर तरंगू लागतो. याच्या उलट, उगाच चार किलो जास्त बांधले तर बीसीडीत हवा भरत राहावी लागते, शरीर उभं राहतं आणि फिन्स (पायात घालायचे पंख) प्रवाळावर आपटतात. प्रवाळ मोडण्याचं हे फार मोठं कारण आहे.

महालहून

मास्क स्वतःचा घ्या, बाकी सगळं भाड्याने चालेल. पट्टा न लावता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हवा ओढा, हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा. नव्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. तो जाईपर्यंत धुकं धरणारच, म्हणून पांढऱ्या साध्या टूथपेस्टने आतून चार-पाच वेळा घासून धुवा. मिशा असतील तर नाकाखालची एक बारीक रेघ भादरून काढा, नाहीतर पाणी झिरपत राहतं. पट्टा करकचून आवळल्याने गळती थांबत नाही, उलट कड दुमडते. चष्म्याच्या नंबरचा मास्क मिळतो, तो नागपूरहूनच मागवून ठेवा.

खामल्याहून

हवेचा हिशेब. सिलिंडर ११ लिटर, भरलेला २०० बार. ५० बार राखून ठेवले की वापरायला १५० गुणिले ११, म्हणजे १६५० लिटर. शांत माणूस पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर घेतो असं धरा. १० मीटरवर तेच ४० होतात, सुमारे ४१ मिनिटं. २० मीटरवर ६०, सुमारे २७ मिनिटं. घाबरलेला माणूस याच्या दुप्पट ओढतो. वेळ वाढवायची असेल तर हात बांधून ठेवा, लाथा संथ आणि लांब मारा, श्वास सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ द्या.

श्वास मात्र कधीही रोखायचा नाही. १० मीटरवरून वर येईपर्यंत फुप्फुसातली हवा दुप्पट होते. दम धरून सव्वा-दीड मीटर वर आलं तरी फुप्फुस फाटू शकतं, म्हणजे हा नियम तरण तलावातसुद्धा लागू. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटर, त्याहून जास्त नको.

मानेवाड्याहून

विमानाआधी किती तास थांबायचं हे बहुतेकांना माहीत असतं: एक बुडी असेल तर १२ तास, एकाहून जास्त बुड्या किंवा सलग दिवस असतील तर १८. घाटाचा विचार कुणी करत नाही, आणि आपल्याला तो करावाच लागतो. बुडीत रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू निघतो. तो निघायच्या आत बाहेरचा दाब कमी झाला तर बुडबुडे होतात. दाब विमानात कमी होतो तसा डोंगर चढतानाही होतो. ६०० मीटरच्या वर गेलात तर विमानाचेच तास पाळायचे असतात.

मालवणहून आंबोलीमार्गे निघालात तर दीड-दोन तासांत तुम्ही जवळजवळ ६९० मीटरवर असता. सकाळी दोन बुड्या मारून दुपारी घाट चढणं मला अजिबात पटत नाही. शेवटचा दिवस कोरडा ठेवा, सिंधुदुर्ग किल्ला त्या दिवशी बघा. रेल्वेने कुडाळहून पनवेलकडे आलात तर तो भाग सखल आहे, पण पुढे नागपूरच्या वाटेवर इगतपुरी येतं, तेही ६०० मीटरच्या आसपास. तास मोजूनच तिकीट काढा. सांधे दुखणं, मुंग्या येणं, न जाणारा थकवा, अंगावर चट्टे, असं काही दिसलं तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. ऑक्सिजन आणि दवाखाना.

गोकुळपेठहून

थोडक्यात लिहितो. बोटीवर जायच्या सकाळी तर्री पोहे नकोत, आदल्या रात्री सावजीही नको. केळं, इडली, साधा भात चालतो. उपाशी राहिलं तर मळमळ वाढते. उलटीची गोळी निघण्याआधी तासभर घ्या, पण काहींनी गुंगी येते, म्हणून ती आधी घरी एकदा घेऊन बघा. पाणी भरपूर प्या, दारू नाही.

सदरहून

आता ज्यांना बघायला जायचं त्या समुद्री जिवांबद्दल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं, क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. पावसाळ्यात बुड्या बंद. ऑक्टोबरनंतर सुरू झाल्या तरी पाणी निवळायला वेळ लागतो. तिथे कधी कधी दोन-तीन मीटरपलीकडे दिसत नाही, म्हणून अंदमानचे फोटो मनात धरून मालवणला जाऊ नका. गढूळ पाण्यात जवळचं बघायला शिका. खडकाच्या कपारीत वाम तोंड उघडझाप करत असते. ती धमकी नसते, कल्ल्यांवरून पाणी फिरवून ती श्वास घेत असते. कपारीत हात घातला तरच चावते. पोपट मासा प्रवाळ खरवडतो तो आवाज स्पष्ट ऐकू येतो. तळणीत मोहरी तडतडावी तसा सततचा आवाज येतो तो बारीक कोळंब्यांचा. आवाज पाण्यात चौपटीहून जास्त वेगाने जातो, म्हणून तो कुठल्या बाजूने येतोय हे कळत नाही. बोटीच्या इंजिनाचंही तसंच, तेव्हा वर येताना एक हात उंच करून गोल फिरत, वर बघत या.

पाण्याखाली सगळं तेहतीस टक्के मोठं दिसतं. लाल रंग पाच मीटरच्या आसपासच मावळू लागतो. लायनफिश खाली तपकिरी दिसतो, टॉर्च टाकली की लाल उजळतो. त्याच्या पाठीवरच्या काट्यांत विष असतं, पण तो अंगावर येत नाही. माणूसच मागे न बघता त्याच्यावर टेकतो. वाळूत अर्धवट पुरलेली पाकट दिसली तर तिच्यावरून पोहत जाऊ नका, बाजूने जा. समुद्री साप हवा घ्यायला वर येतो आणि परत जातो, त्याची वाट मोकळी ठेवा. अंदमानात टायटन ट्रिगरफिश घरट्यावर असेल तर खरोखर चावायला धावतो. त्याची हद्द घरट्यापासून वर रुंद होत जाते, म्हणून वर पळू नका, आडवे दूर जा. कासवाच्या आणि वरच्या पाण्याच्या मधे येऊ नका, त्यालाही श्वास घ्यायचा असतो.

प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलून आणू नका. प्रवाळ, समुद्रघोडा, समुद्रकाकडी यांना वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे.

रामदासपेठहून, डॉक्टर

लायनफिश किंवा पाकटाचा काटा लागला तर उपचार गरम पाण्याचा. सोसवेल इतकं गरम, ४५ अंशांच्या वर नको, अर्धा ते दीड तास. दुखऱ्या भागाला तापमान नीट कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्या हाताने तपासा. जेलीफिश लागली तर गोडं पाणी ओतू नका, न फुटलेल्या डंखपेशीही फुटतात. समुद्राच्याच पाण्याने धुवा. समुद्री साप चावला तर अवयव न हलवता थेट दवाखाना, चिरणं-चोखणं काही नाही.

धरमपेठहून

एक राहिलं. परत आल्यावर मास्क, फिन्स, वेटसूट गोड्या पाण्यात तासभर बुडवून सावलीत वाळवा. रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत आणणारं यंत्र) असेल तर धुण्याआधी पहिल्या टप्प्याचं, म्हणजे सिलिंडरला बसणाऱ्या भागाचं, झाकण कोरडं करून घट्ट लावा आणि धुताना तोंडाकडच्या भागावरचं पर्जचं (हवा सोडायचं) बटण दाबू नका, पाणी आत शिरतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत हे सामान विसरलं तर रबर आणि चिकटवलेले सांधे जातात. वेटसूट घडी न घालता जाड हँगरवर टांगा. पारदर्शक सिलिकॉनचा मास्क काळ्या फिन्सना चिकटून ठेवू नका, पिवळा पडतो.