डेबियन १२ केल्यावर आमचं मराठी लोकेल गायब, 'ळ' पुन्हा 'ल'च्या शेजारी

दादर_सूचीकार:
मंडळी, वाचनालयाच्या सभासदांची सूची डेबियन लिनक्सवर, पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसमध्ये आहे. मशीन ९ वरून १०, ११ करत १२ वर आणलं. वर्णमालेप्रमाणे ह, ळ, क्ष, ज्ञ असा क्रम लागावा म्हणून एमआर_आयएन@सूची नावाचं वेगळं लोकेल (भाषेप्रमाणे क्रम, तारखा वगैरेंचे नियम) केलेलं होतं. त्याची फाइल यूएसआर/शेअर/आय१८एन/लोकेल्समध्ये अजून जागेवर आहे, पण 'लोकेल -ए'च्या, म्हणजे मशीनवर तयार असलेल्या लोकेल्सच्या, यादीत नाव नाही. डेटाबेसला जोडताना 'डेटाबेस लोकेल इज इनकम्पॅटिबल विथ ऑपरेटिंग सिस्टीम' येतं. साध्या सॉर्टमध्ये काळे कावळ्यांच्या आधी लागतात आणि क्षीरसागर कोरगावकरांनंतर, खऱ्यांच्या आधी. फाइल कंपाइल करणारं लोकेलडेफ पुन्हा चालवलं तर 'नो आउटपुट फाइल प्रोड्यूस्ड'. मोडलंय काय नेमकं?
(कमांड उच्चाराप्रमाणे लिहिल्यात. 'सूची' टर्मिनलवर रोमनमध्येच आहे.)

लालबाग_टर्मिनल:
दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एकत्र कालवू नका.

पहिली, नाव का गेलं. लोकेल्स पॅकेज अपग्रेड झालं की लोकेल-जेन चालतं आणि यूएसआर/लिब/लोकेलमधली लोकेल-आर्काइव्ह फाइल (तयार लोकेल्सचा साठा) नव्याने बांधतं. बांधताना ते फक्त इटीसीतली लोकेल.जेन वाचतं. तुम्ही हाताने लोकेलडेफ चालवून आर्काइव्हमध्ये घातलेलं नाव तिथे नव्हतं, म्हणून गेलं. तुमची फाइल टिकली ती नाव वेगळं होतं म्हणून. मूळ एमआर_आयएनमध्येच खाडाखोड केली असती तर पॅकेजने तीही पुसली असती.

तेव्हा फाइल यूएसआर/लोकल/शेअर/आय१८एन/लोकेल्समध्ये हलवा. लोकेल-जेन आधी तिथे बघतं आणि पॅकेज तिथे हात लावत नाही. मग लोकेल.जेनमध्ये एक ओळ: 'एमआर_आयएन@सूची', एक जागा सोडून 'यूटीएफ-८'. त्यानंतर लोकेल-जेन नुसतं चालवा. डेबियनवर त्याच्यापुढे लोकेलचं नाव देऊन उपयोग नाही, ते उबुंटूवर चालतं. यूएसआर/लोकल/शेअर/आय१८एनमध्ये सपोर्टेड नावाची फाइल करून तीच ओळ तिथेही लिहिलीत तर डीपीकेजी-रीकॉन्फिगरच्या यादीतही नाव दिसेल.

नाव पूर्ण लिहायचं झालं तर एमआर_आयएन.यूटीएफ-८@सूची. यूटीएफ आधी, @ नंतर. उलटं लिहिलं की लोकेल सापडत नाही, आणि तासभर सगळे परवानग्या तपासत बसतात.

परळ_ग्लिबसी:
कंपाइल का होत नाही ते मी सांगतो. डेबियन ९ मध्ये ग्लिबसी (सिस्टीमची मूळ सी लायब्ररी, लोकेल्स तीच सांभाळते) २.२४ होतं, १० मध्ये २.२८, आता १२ मध्ये २.३६. २०१८ च्या २.२८ मध्ये क्रमवारीचा पाया, म्हणजे आयएसओ१४६५१_टी१_कॉमन ही फाइल, नव्याने लिहिली गेली आणि आतली चिन्हं बदलली. तुमच्या जुन्या ओळींत 'बीएएस' असेल, ते आता 'बेस' झालंय. अक्षरांची चिन्हं आता एस आणि युनिकोड आकडा अशी आहेत: ह म्हणजे एस०९३९, ळ म्हणजे एस०९३३.

एलसी_कोलेटचा, म्हणजे लोकेल फाइलमधल्या क्रमवारीचा, भाग असा करा. आधी कॉपी 'आयएसओ१४६५१_टी१'. मग क्ष आणि ज्ञसाठी एकेक नवं कोलेटिंग-सिम्बॉल (क्रमातली जागा दाखवणारं चिन्ह). मग कोलेटिंग-एलिमेंट (अनेक अक्षरं मिळून एक धरणारं): क्ष म्हणजे ०९१५, ०९४डी, ०९३७ आणि ज्ञ म्हणजे ०९१सी, ०९४डी, ०९१ई. नंतर रीऑर्डर-आफ्टर एस०९३९, त्याखाली एस०९३३ आणि तुमची दोन चिन्हं, त्याखाली दोन्ही एलिमेंटच्या वजनांच्या ओळी, शेवटी रीऑर्डर-एंड.

बाकीच्या सगळ्या विभागांत फक्त कॉपी 'एमआर_आयएन'. एलसी_टाइमसारख्या विभागात कॉपी लिहून खाली आणखी काही बदलता येत नाही. तिथे एक ओळ बदलायची तर अख्खा विभाग उतरवून काढावा लागतो.

लोकेलडेफला -सी देऊन जबरदस्ती करू नका. फाइल तयार होते, पण त्याला न कळलेल्या ओळींचं काय झालं ते कळत नाही.

आर्काइव्हला हात न लावता आधी घरच्या फोल्डरमध्ये चाचणी घ्या: लोकेलडेफला शेवटी नावाऐवजी पूर्ण पाथ द्या आणि लोकपाथ (लोकेल कुठे शोधायचं ते सांगणारं व्हेरिएबल) त्या फोल्डरवर सेट करा. चाचणी झाली की लोकपाथ काढा. तो असला की ग्लिबसी आर्काइव्हकडे बघतच नाही, म्हणजे बाकीची लोकेल्स गायब झाल्यासारखी वाटतात. सॉर्टला --डीबग दिलंत तर सुरुवातीलाच कळतं की ते कुठल्या लोकेलचे नियम वापरतंय की नुसते बाइट मोजतंय. तुमचं लोकेल यादीतच नाही, तेव्हा सध्या बाइटच मोजत असणार.

गिरगाव_डीबी:
लोकेल उभं राहिलं म्हणजे डेटाबेस बरा झाला असं नाही! इंडेक्स (डेटाबेसच्या शोधाच्या याद्या) ग्लिबसी २.२४ च्या क्रमाने रचलेले आहेत आणि सर्व्हर आता २.३६ च्या क्रमाने शोधणार. नाव टेबलात असूनही शोधात येत नाही, युनिक असूनही दोनदा शिरतं, असले प्रकार होतात. ९.६ काही कुरकुर न करता सुरू होईल, तेच धोक्याचं.

पोस्टग्रेस १५ वर जायचंच आहे तर पीजी_अपग्रेडक्लस्टर त्याच्या मूळ पद्धतीने, म्हणजे डंपने (सगळा डेटा उतरवून पुन्हा भरून), चालवा. इंडेक्स नव्याने बांधले जातात. घाईत अपग्रेड पद्धत निवडलीत तर इंडेक्स जसेच्या तसे येतात, मग रीइंडेक्स डेटाबेस आपल्या हाताने.

आणखी एक. पोस्टग्रेस क्रमवारीची आवृत्ती म्हणून ग्लिबसीचा आकडा नोंदवतं. उद्या तुम्ही सूची लोकेलमध्ये एक ओळ हलवलीत तर तो आकडा बदलत नाही, म्हणून इशाराही येत नाही. फाइल बदलली की सर्व्हर रीस्टार्ट आणि रीइंडेक्स, न चुकता.

माझं मत विचाराल तर सूचीला हे लोकेल नकोच. १५ मध्ये एमआर-एक्स-आयसीयू कोलेशन (क्रमवारीचे नियम) तयार मिळतं आणि त्यात ळ, क्ष, ज्ञ ह नंतरच येतात. ऑर्डर बाय त्याच्यावर करा.

दादर_सूचीकार:
फाइल हलवली, बीएएसचे बेस केले, कंपाइल झालं. काकडे, कामत, कावळे, काशीकर, काळे असं लागतंय. डंप चालू आहे. पण दोन क्षीरसागर अजून क मध्येच आहेत, बाकीचे शेवटी गेले.

परळ_ग्लिबसी:
त्या दोन नावांत ०९४डी (हलन्त) नंतर झीरो-विड्थ जॉइनर, म्हणजे २००डी, असणार. जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये बदललेल्या मजकुरात तो हमखास सापडतो. डोळ्यांना दिसत नाही, पण तिघांची साखळी तुटते आणि एलिमेंट जुळत नाही. लोकेलमध्ये चार अक्षरांचं आणखी एक एलिमेंट घालता येईल, पण ते करू नका, डेटाच साफ करा. क्ष आणि ज्ञमधला २००डी तेवढा काढा. सरसकट काढलात तर 'दुसऱ्या'मधला र जॉइनरने टाइप केलेला असला की त्याचा 'दुसर्या' होईल.