पाठवणीनंतर बापाला जे होतं त्याला शब्द कोणता? रुखरुख, चुटपुट की हुरहूर?

लेकीचं लग्न फेब्रुवारीत झालं, सगळं नीट पार पडलं, पाठवणीला मी रडलो नाही (बायको म्हणते रडलात, फोटो आहे). आता दर रविवारी खाली जाऊन तिची स्कूटी पाच मिनिटं चालू ठेवतो, बॅटरी उतरू नये म्हणून, आणि तेवढा वेळ नुसता शेजारी उभा असतो. गावाकडून काकांचा फोन आला, "उजवलीस ना पोरगी, सुटलास!" ते काही पटलं नाही. हिला म्हटलं रुखरुख लागलीये, तर म्हणे रुखरुख कसली, सगळं तर व्यवस्थित झालं. मग हे काय आहे?

वहिनींचं बरोबर आहे. रुखरुखीला काहीतरी राहून गेलेलं किंवा चुकलेलं लागतं. आमच्याकडे ऐन गडबडीत धाकट्या आत्याला आहेराची साडी द्यायची राहिली, दोन दिवस जी लागली ती चुटपुट, नंतर नेऊन दिली तेव्हा गेली. ती कधीच देता आली नसती तर रुखरुख झाली असती. हुरहुरीला कारणच लागत नाही, संध्याकाळी उगाच लागते, आणि ती पुढच्या गोष्टीचीही असते, म्हणजे पाठवणीच्या आदल्या रात्री बॅगा भरतानाच लागते. तुमची हुरहूर आहे.

काकांवर चिडू नका हो. व्रत उजवतात तेच हे उजवणं, सोळा सोमवार झाले की सतराव्याला उद्यापन करतात तसं, म्हणजे घेतलेलं नीट पुरं केलं. 'खपवली'पेक्षा लाख पटीनं बरा शब्द. मूल झालं की कूस उजवली म्हणतात आणि तेच मूल सासरी गेलं की पोरगी उजवली, येतानाही तेच क्रियापद आणि जातानाही. आणि पाठवणीला पाठवणीच म्हणा, हल्ली पत्रिकेतसुद्धा बिदाई छापतात ते डोक्यात जातं.

यात उत्कंठा पण घ्या. शाकुंतलाच्या चौथ्या अंकात शकुंतला निघताना कण्व म्हणतो की माझं मन उत्कंठेनं भरून आलंय, रानात राहणाऱ्या माझी ही गत तर संसारी माणसांचं काय होत असेल. संस्कृतात उत्कंठा म्हणजे जवळजवळ तुमची हुरहूरच, आपण मराठीत ती शेवटच्या ओव्हरला आणि बारावीच्या निकालाला देऊन टाकली. गंमत म्हणजे त्याच अंकाच्या शेवटी हाच कण्व म्हणतो, ठेव ज्याची त्याला परत केल्यासारखं मन मोकळं झालं. म्हणजे तुम्ही आणि तुमचे काका दोघंही एकाच माणसात.

मुलीच्या बापाला निदान पाठवणी तरी आहे, मुलाच्या आईला काय? माझा मुलगा लग्नानंतर आठव्या दिवशी बायकोला घेऊन बंगळूरला गेला, तो आधीपासून तिथेच राहतो, पण या वेळी निघताना नेहमीसारखी शेव-चिवड्याची पिशवी भरायला घेतली आणि मनात आलं, आता हे सुनेला विचारून द्यायचं की काय? सगळे म्हणतात अभिनंदन, सून आली. मुलगा गेला असं म्हणायची सोय नाही, अभद्र वाटतं.

हुरहूर घेतो. पण ताई, तुमच्या पिशवीला मलाही शब्द सुचेना. काल लेकीला फोनवर विचारलं स्कूटी विकू का, तर म्हणाली असू दे बाबा, आल्यावर लागेल. हवा पण भरून ठेवा म्हणाली.