आफ्रिकेतला हा पाणपक्षी कोणता? आज रात्रीपर्यंत नाव हवंय

मुक्ता_के: मदत हवी आहे. नदीत पोहत होता, साधारण बदकाएवढा, मान लांब, वरून तपकिरी. पाणकावळा नाही, तेवढं मला कळतं. फोटो इथे चढतच नाहीये, सारखी एरर येतेय. मंडळाच्या छायाचित्र प्रदर्शनाच्या पाट्या रात्री छपाईला जातायत. कुणीतरी पटकन सांगा.

गवतफूल: नदी कुठली? महिना कुठला?

मुक्ता_के: झांबेझी. बोटीतून.

गवतफूल: झांबेझी सहा देशांना लागते हो. नेमकं कुठे?

मुक्ता_के: झांबियातल्या लिव्हिंगस्टनजवळ, व्हिक्टोरिया धबधब्याच्या वरच्या अंगाला. सप्टेंबर.

दादा_पुणेकर: सोपं आहे. मगरीचे दात साफ करणारा प्लोव्हर. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने लिहून ठेवलंय.

गवतफूल: दादा, इजिप्शियन प्लोव्हर सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यातला. झांबेझीवर नसतो. शिवाय तो वाळूच्या बेटांवर पळणारा, जेमतेम 20 सेंमीचा पक्षी. बदकाएवढा कुठून होणार? आणि दात साफ करण्याला भरवशाचा पुरावा आजही नाही. त्याची खरी कमाल वेगळीच आहे. अंडी वाळूत पुरतो आणि पोटाची पिसं भिजवून आणून वरची वाळू गार ठेवतो.

दादा_पुणेकर: लहानपणापासून वाचत आलोय मगरीचं. सगळेच चुकीचं लिहितात का?

भटक्या_७: झांबियाच्या बाजूने धबधबा बघायचा तर एप्रिल-मे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात त्या बाजूला बराचसा नुसता कडाच दिसतो. आणि मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आधीपासून सुरू करा.

मुक्ता_के: मी जाऊन आलेय! पक्ष्याचं सांगा.

सुलभा_ताई: मान लांब आहे ना? मग सापमान्याच. मी केनियात पाहिलाय. अंग पाण्यात आणि फक्त मान वर.

मुक्ता_के: नाही ताई, पाठ आणि शेपूट दिसत होती. शेपूट पाण्यावर सपाट पसरलेली.

गवतफूल: हे आधी सांगायचंत! आता तीन गोष्टी सांगा: पाय दिसले का, काठाला झाडं कशी होती, पोहताना मान कशी हलत होती.

मुक्ता_के: फांद्या पार पाण्याला टेकलेल्या, तो त्यांच्या सावलीतूनच चालला होता. कोंबडी चालताना मान पुढेमागे करते ना, तसंच पोहताना. बोट जवळ गेल्यावर एका मुळावर चढला तेव्हा पाय दिसले. भडक नारिंगी! गळा पांढरा.

गवतफूल: आफ्रिकन फिनफूट. भाग्यवान आहात, अनेकांना पुन्हा पुन्हा जाऊनही दिसत नाही. उघड्या पात्रात सहसा येतच नाही, काठाच्या झुकलेल्या फांद्यांखालीच वावरतो. पायाच्या बोटांना टिबुकली या छोट्या पाणपक्ष्यासारख्या कातडीच्या पसरट पाळ्या असतात, म्हणून पोहतोही आणि फांद्यांवर चढतोही. दचकला तर उडण्याऐवजी पंख फडफडवत पाण्यावरून पळत सुटतो. पाणकावळ्यासारखा सारखा बुड्या मारत नाही, पाण्यावरचे आणि काठाचे किडे, गोगलगायी, बेडूक टिपतो. पुरात फांद्यांत अडकलेल्या काडीकचऱ्यावर घरटं करतो. म्हणूनच काठाची झाडं तोडली की हा पक्षी तिथून जातो. प्रदर्शनात हे एक वाक्य जरूर लिहा.

रानवेडा: याचा नर पिल्लांना पंखाखालच्या पिशवीत घालून उडतो, तेही लिहा.

गवतफूल: ते अजिबात लिहू नका. ती गोष्ट मध्य-दक्षिण अमेरिकेतल्या सनग्रेबची. एकाच कुळातले तीन पक्षी आहेत: एक अमेरिकेत, एक आफ्रिकेत, एक आशियात. आशियातला मास्क्ड फिनफूट तर आता अतिसंकटग्रस्त आहे, बांगलादेशातल्या सुंदरबनात थोडे उरलेत.

रानवेडा: मग आपल्या बाजूच्या सुंदरबनात का दिसत नाही?

सुलभा_ताई: मला अजूनही सापमान्या वाटतोय.

भटक्या_७: फोटो कुठल्या लेन्सने काढला?

मुक्ता_के: गवतफूल, खूप खूप आभार! पाटीवर ‘मादी’ लिहू का? गळा पांढरा म्हणजे मादीच ना?

गवतफूल: नराचा गळा राखाडी, मानेच्या बाजूने पांढरी रेघ, त्यामुळे हा नर नाही. पण न वाढलेलं पिल्लूही मादीसारखंच दिसतं, फक्त चोच काळपट. फोटो मोठा करून चोच बघा. लालसर असेल तर ‘मादी’ लिहा, नाहीतर नुसतं ‘आफ्रिकन फिनफूट, झांबेझी’.

मुक्ता_के: लालसर आहे. पाठवते.