'प्रायव्हसी'ला गोपनीयता म्हणावं का?

प्रश्न : कायद्यांतल्या बदलांवर सामान्य वाचकांसाठी मराठीत लिहायचं आहे. प्रायव्हसी, कॉपीराइट आणि इन्सॉल्व्हन्सी यांना गोपनीयता, स्वामित्वहक्क, दिवाळखोरी हे शब्द चालतील का?

उत्तर : गोपनीयता कृपा करून नको. मंत्री पदाची आणि गोपनीयतेची शपथ घेतात, ती सरकारी माहिती न फोडण्याची. नागरिकाचा हक्क फार मोठा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी तो मूलभूत ठरवला, तेव्हा जोडीदार निवडणं, काय खायचं ते ठरवणं हेही त्यात धरलं. लग्न चारचौघांत, वाजतगाजत लागतं. त्यात गुप्त काय आहे? तरी कोणाशी करायचं हा निर्णय खासगीच. शिवाय गोपनीयता म्हटलं, की 'लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरता कशाला' असं पाळत ठेवणाऱ्याला आयतंच म्हणता येतं. खासगीपणा म्हटलं, की डोकावण्याचं कारण त्याला द्यावं लागतं.

प्रश्न : पण 'गोपनीयता धोरण' आता रुळलंय ना?

उत्तर : तिथे असू द्या. तुमची माहिती बाहेर जाऊ देणार नाही असं कंपनी सांगते, तेवढ्यापुरता तो शब्द बसतो. हक्काला मात्र खासगीपणाच लिहा.

आणखी एक उत्तर : स्वामित्वहक्कापेक्षा प्रताधिकार बरा. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांनी चित्रपटातल्या गाण्याचे हक्क निर्मात्याला लिहून दिले, तरी चित्रपटगृहातला खेळ वगळता इतर वापराच्या रॉयल्टीतला समान वाटा त्यांना निर्मात्याला सोडून देता येत नाही. म्हणजे मालकी गेली तरी मोबदला उरतो. 'स्वामित्व गेलं' एवढंच वाचून एखादा कवी आपल्या हक्काच्या पैशांवर पाणी सोडेल. हे टाळायलाच हवं.

प्रश्न : आणि दिवाळखोरी? नादारी म्हटलं तर जुन्या लोकांना शाळेतली फीमाफी आठवेल.

उत्तर : आठवू द्या, अर्थ जवळचाच आहे : देणं फेडण्याची ऐपत नाही, एवढंच. त्यात कोणी लबाड ठरत नाही. दिवाळखोर म्हटलं की माणूस बदनाम होतो. २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेत कंपनीचं प्रकरण राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे जातं आणि कंपनी चालू ठेवून तिला वाचवणारा कोणी मिळतो का, हे आधी पाहिलं जातं. ते जमलं नाही तरच अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणं. 'दिवाळखोरी' हा भाग संहितेत व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी आहे. न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला त्याच दिवशी 'कंपनी दिवाळखोरीत' असा मथळा येतो, कामगार आणि पुरवठादार धास्तावतात. तुम्ही 'नादारीची प्रक्रिया सुरू' असं लिहा आणि पहिल्यांदा येईल तिथे एका वाक्यात अर्थ सांगा.