मदत हवी आहे: शल्लकी आणि रक्त पातळ करायची गोळी एकत्र चालते का?
आईचे गुडघे खूप दुखतात, सूज पण असते, कोणीतरी शल्लकीच्या कॅप्सूल सांगितल्या म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक, तर तिने मला न विचारता सुरू पण केल्या (आमच्याकडे हे असंच चालतं 😅). त्यातलं बॉस्वेलिक ॲसिड सूज वाढवणाऱ्या ५-लॉक्स एन्झाइमला अडवतं एवढं वाचलंय, पण तिला वॉरफेरिन (तीच रक्त पातळ करायची गोळी) चालू आहे आणि दोन्ही सोबत घेतलं की आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा तपासणीचा आकडा) वाढू शकतो म्हणे, म्हणून सध्या कॅप्सूल थांबवल्यात आणि डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीये. कोणाच्या घरी असं झालंय का, आयएनआर किती दिवसांनी परत चेक केला? आणि प्लीज, गुग्गुळ घ्या असं नका सांगू, ते झाड वेगळं आणि तिला थायरॉईडची गोळी पण आहे.