माग बंद केल्यापासून बाबा नुसते बसून असतात, कुठला छंद लावावा?

वडगावची_लेक:
बाबा ६९ वर्षांचे. आख्खं आयुष्य मागावर गेलं, दोन वर्षांपूर्वी माग बंद केला आणि तेव्हापासून चहा, पेपर, टीव्ही एवढंच चाललंय. गुडघे दुखतात म्हणून फिरायला जात नाहीत, चिडचिड पण लई वाढलीय. डॉक्टर म्हणतात हालचाल ठेवा, पण चाला म्हटलं की ऐकतच नाहीत ओ. अंग हलेल आणि मन पण लागेल असं काय हाय काय?

टिळकवाडी७१:
मी स्वतः ७१. रोज सकाळी बेळगावच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात चालतो, ते पण चारजण वाट बघत असतात म्हणून, एकट्यानं आठ दिवस पण झालं नसतं. महिन्यातनं एकदा राजहंसगड चढतो, हळूहळू, बसत बसत. बाबांना "तब्येतीसाठी कर" म्हणू नका ताई. आयुष्यभर कामाचा माणूस, त्यांना काम सांगा, त्यांच्याशिवाय अडलंय असं त्यांना वाटू दे.

फिजिओ_खानापूर:
काकांचं बरोबर हाय. ६५ च्या पुढं आठवड्याला किमान १५० मिनिटं, दम थोडा वाढेल पण बोलता येईल एवढी हालचाल असावी असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम, कारण या वयात पडणं फार महागात पडतं. गुडघा दुखतो म्हणून बसून राहिलं की मांडीचे स्नायू बारीक होतात आणि मग गुडघ्यावर अजून भार येतो, हे मी रोज बघते. नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात २०२३ ला १६ देशांतल्या ९३ हजारांवर ज्येष्ठांचा अभ्यास आला होता, छंद असणाऱ्यांत उदासी कमी आणि समाधान जास्त दिसलं. आता छंदामुळंच तसं झालं असं त्यातनं सिद्ध होत नाही, पण तुमच्या बाबांची चिडचिड ऐकून मला तेच आठवलं. परसबाग बघा. माती उकरणं, पाणी घालणं, सगळं अंग हलतंय. आधी गुडघे एकदा दाखवून घ्या मात्र.

वडगावची_लेक:
काल आईनं मेथीचं बी आणायला सांगितलं, कुंडीत लावूया म्हणाली. तर बाबा म्हणाले कुंडीत कशाला, मागच्या दाराला जागा हाय की, आणि स्वतः खोरं काढलं ओ! दोन वर्षांत पहिल्यांदा. गुडघ्यासाठी पाट देऊ काय स्टूल?

फिजिओ_खानापूर:
स्टूल, उंच बघून. उकिडवं बसू देऊ नका, आणि पाण्याची बादली अर्धीच भरा.