लांब पळताना पायाला फोड येतात, काय करता तुम्ही?

दमलेला_ससा
नमस्कार मंडळी. आधी असा धागा निघाला असेल तर लिंक द्या, मला सापडला नाही. १२-१४ किमीपर्यंत काही होत नाही, पण १६ च्या पुढे गेलो की उजव्या करंगळीला आणि तळव्याच्या आतल्या कडेला फोड येतोच येतो. काल २१ केले, शेवटचे तीन किमी पाऊल वाकडं टाकत कसेबसे संपवले आणि आता तळव्याला टपोऱ्या बोराएवढा फोड आहे. फोडू का तसाच ठेवू? बूट चावतायत म्हणून एक नंबर मोठे घेतले तरी तेच. पाच आठवड्यांनी फुल मॅरेथॉन आहे, जाणकारांनी सांगा प्लीज.

पायपीट
आधी आत्ताचं बघू. फोड छोटा असेल, दुखत नसेल तर हात लावू नकोस. पण पाऊल टेकवत नाही एवढा टपोरा असेल तर पाणी काढलेलं बरं. हात-पाय साबणाने धू, सुई स्पिरीटने नीट पुसून घे, फोडाच्या कडेला दोन-तीन बारीक भोकं पाड आणि स्वच्छ गॉझने हलकं दाब. वरची कातडी अजिबात सोलायची नाही, खालच्या कोवळ्या कातडीला तीच पांघरूण आहे. उद्या परत भरला तर परत काढ. वर हायड्रोकोलॉइडची (ओल शोषून जेलसारखी होणारी) पट्टी लाव आणि ती आपणहून सुटेपर्यंत राहू दे, रोज उचलून बघत बसू नकोस (मी बघायचो, दर वेळी कातडी घेऊनच यायची).
आमच्या लाँग मार्चला जुनी मंडळी फोडातून सुईदोरा ओवून दोरा आतच ठेवायची. ते करू नकोस, दोऱ्यावरून घाण सरळ आत जाते. रक्ताचा काळपट फोड असेल तर फोडू नकोस आणि डायबेटीस असेल तर घरी काहीच न करता डॉक्टरला दाखव.

चुकलेला_वळसा
व्हॅसलीन चोपडा आणि पळा. दहा वर्षं हेच करतोय.

पायपीट
@चुकलेला_वळसा तुम्हाला चालत असेल, पण व्हॅसलीन सुरुवातीला घर्षण कमी करतं, तासाभराने मोज्यात मुरलं की असर जातो. हाफला निभावतं, फुलला मध्ये थांबून परत लावावं लागतं. आणि व्हॅसलीन लावलेल्या पायाला टेप चिकटत नाही, म्हणजे दोन्हीपैकी एकच काहीतरी ठरवा.

आतली_बाजू
ससा, मोठे बूट घेऊन उलट वाढलं असेल. हाताच्या पाठीवर बोटाचं टोक दाबून धर आणि बोट न घसरवता मागेपुढे कर. कातडी जागेवर आणि आतलं हाड सरकतंय, दिसलं? तळव्याला पावलागणिक हेच चालू असतं. कातडीचे आतले थर त्या ताणाने सुटतात आणि मध्ये पाणी भरतं. पाय घामाने ओला असला की कातडी मोज्याला जास्त धरून बसते, ताण वाढतो. बूट ढिला असेल तर पाऊल आत पुढेमागे होतं ते वेगळंच. बोटांपुढे अंगठ्याएवढी जागा हवी, पण टाच हलता कामा नये. सगळ्यात वरच्या जादा भोकातून लेसचा फासा करून बांधून बघ.
बुटात हात घालून आतल्या कडेवरून बोटही फिरव. माझा फोड दोन वर्षं इनसोलच्या (बुटातल्या आतल्या तळाच्या) उचललेल्या कडेमुळे येत होता आणि मी बूट बदलत बसलो होतो!
कॉटनचे मोजे आजच बाद कर, घाम धरून ठेवतात. करंगळीला बोटांचे मोजे चांगले.

मायक्रोपोर_भक्त
टेपबद्दल कोणीच कसं बोललं नाही? साधा कागदी सर्जिकल टेप. सात दिवसांत २५० किमीच्या रेसमध्ये १२८ रनर्सवर अभ्यास झाला होता, २०१६ साली छापून आला, टेप लावलेल्या भागात फोड ४०% कमी. आदल्या रात्री कोरड्या पायाला लाव, कोपरे गोल काप, सुरकुती राहू देऊ नकोस (सुरकुतीचाच फोड येतो) आणि तळहाताने मिनिटभर दाबून धर.
घाम थांबवायला अँटीपर्स्पिरंटही लावतात. १९९८ चा वेस्ट पॉइंटच्या (अमेरिकेची लष्करी अकादमी) कॅडेट्सचा अभ्यास आहे, २१ किमी मार्चच्या आधी किमान तीन रात्री लावणाऱ्यांपैकी २१% जणांना फोड आले, तसंच दिसणारं पण औषध नसलेलं लावणाऱ्यांत ४८%. पण अँटीपर्स्पिरंट लावणाऱ्यांत ५७% जणांच्या कातडीला आग-खाज, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

पायपीट
आणि एक, जिथे चुरचुरायला लागेल तिथेच थांब. फोडाच्या आधी तो भाग गरम लागतो, थोडं आधी कळतं. आपण "पुढच्या पाणपोईला बघू" म्हणतो आणि तिथेच फसतो. तेव्हा दोन मिनिटं घालवून टेप लावलास तर रेस वाचते.

आतली_बाजू
जाता जाता, फोडाला हसू नका. १९२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष कूलिज यांचा सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला, पायाला फोड आला, तो चिघळून रक्तात विष भिनलं आणि काही दिवसांत गेला. तेव्हा अँटिबायोटिक्स नव्हती. आजही पू, वर चढणारी लाल रेघ किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर.

दमलेला_ससा
सगळ्यांचे आभार, उशिरा लिहितोय. फोड चार दिवसांत बसला, पळणं मात्र आठवडाभर बंद ठेवलं. @आतली_बाजू तुमचंच खरं, इनसोल उचलला होता, नवा टाकला आणि जुन्या नंबरच्या बुटात लेसचा फासा केला. काल १८ केले. ११ व्या किमीला आतल्या कडेला चुरचुरलं, फुटपाथवर बसून मोजा काढला, पाय पुसून टेप लावला, मागून येणारे बघत होते, बघू देत. घरी येऊन बघितलं तर नुसता लालसर डाग.
करंगळीचं नख मात्र काळं पडतंय. इथेच विचारू का वेगळा धागा काढू?